जुगाराबाबत ख्रिस्ती कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, संध्याकाळी चॅपेलच्या आवारात तोंबोला हा आकड्यांच्या तिकिटांचा खेळ रंगतो आणि पणजीत मांडवीवर कॅसिनोंचे दिवे लागतात. दोन्ही नशिबाचेच खेळ असले, तरी त्यांना एकच माप लावणे मला योग्य वाटत नाही. प्रथम आपल्या पंथाची भूमिका पाहावी. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथातील परिच्छेद २४१३ नुसार पैज किंवा नशिबाचा खेळ मुळातच न्यायाविरुद्ध नसतो. मात्र त्यापायी स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा जात असेल, तर तो नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतो. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेचा मात्र जुगारालाच विरोध आहे.

मग पैसा कुठून येतो, हे तपासावे. करमणुकीसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून तोंबोल्याचे तिकीट घेण्यास हरकत नाही, परंतु किराण्याच्या डब्यातून उचललेली नोट, मग ती दहाची का असेना, परत ठेवावी. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा डाव लावावासा वाटणे ही सर्वांत गंभीर खूण होय, कारण जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशारा त्याच परिच्छेदात आहे. अशा वेळी तिथून तडक निघावे, पैशांचे व्यवहार काही काळ घरच्या विश्वासू माणसाकडे सोपवावेत आणि पाद्रींशी, तसेच आवश्यक वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी, विनाविलंब बोलावे.