घनता मोजताना आकारमान अचूक कसे काढावे

पदार्थाच्या वस्तुमानाला त्याच्या आकारमानाने भागले की घनता मिळते. सूत्र इतके सोपे असल्यामुळे दोन्ही राशी सारख्याच विश्वासाने मोजता येतील असे वाटते, परंतु त्यांचा स्वभाव फार वेगळा आहे. पदार्थ तापवला, गोठवला किंवा दुसऱ्यात मिसळला, तरी वस्तुमान तेवढेच राहते. आकारमान मात्र प्रत्येक वेळी बदलू शकते. घनतेच्या उत्तरात चूक शिरते ती बहुधा आकारमानाकडूनच, म्हणून खरी काळजी तिथेच घ्यावी.

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि आपली पद्धत तपासून घेता येते. कोरडे मोजपात्र वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि त्यात १०० मिलिलिटर पाणी भरावे. काचेच्या पात्रात पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला दिसतो; नजर त्याच पातळीवर आणून मधल्या खोलगट भागाच्या तळाशी वाचन घ्यावे. पाणी २० अंश सेल्सिअसला असेल तर वस्तुमान ९९.८ ग्रॅम यायला हवे, नेमके १०० नव्हे. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्या बर्फ वितळण्याच्या तापमानाला असलेल्या एक घन सेंटिमीटर पाण्यावरून करण्यात आली, आणि पुढे त्यासाठी ४ अंश हे तापमान घेतले गेले, कारण पाणी तिथे सर्वाधिक घन असते. त्या तापमानाला पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला जवळजवळ १ ग्रॅम असते, तर २५ अंशांना ती ०.९९७ पर्यंत उतरते. अर्थात मोजपात्रावर एकेक मिलिलिटरच्या खुणा असतील, तर वाचनात अर्ध्या मिलिलिटरचा फरक सहज पडतो आणि हा बारीक बदल त्या पात्राने दिसणारच नाही.

वेड्यावाकड्या आकाराच्या घन वस्तूसाठी, ती पाण्यात बुडवून पातळी किती चढली हे पाहण्याची पद्धत सर्वांना माहीत असते. समजा, ॲल्युमिनिअमच्या तुकड्याचे वस्तुमान ५४.१ ग्रॅम आहे आणि पाणी सुमारे २० मिलिलिटर चढले. काट्याची चूक ०.१ ग्रॅम धरली तर ती ०.२ टक्क्यांहून कमी ठरते. पातळीची अर्ध्या मिलिलिटरची चूक मात्र अडीच टक्के होते. काटा कितीही उत्तम आणला तरी उत्तर सुधारत नाही, ते यामुळेच.

यावर एक सुंदर उपाय आहे आणि माझ्या मते घन वस्तूंसाठी नेहमी तोच वापरावा: आकारमानही काट्यानेच मोजावे. पाणी भरलेले चंचुपात्र काट्यावर ठेवून काटा शून्य करावा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून, दोऱ्याचे दुसरे टोक काट्याबाहेरच्या आधाराला अडकवून, ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी लोंबकळत ठेवावी. पाणी वस्तूला बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने वर ढकलते, आणि वस्तू पाण्याला तेवढ्याच बलाने खाली दाबते. म्हणून काट्यावर दिसणारे ग्रॅम हे बाजूला सारलेल्या पाण्याचे वस्तुमान असते. काटा २०.० ग्रॅम दाखवत असेल आणि पाणी २० अंशांना असेल, तर आकारमान २०.० भागिले ०.९९८, म्हणजे २०.०४ घन सेंटिमीटर. आणि घनता ५४.१ भागिले २०.०४, म्हणजे २.७०. वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकून टाकावेत, कारण प्रत्येक बुडबुडा आकारमानात भर घालतो आणि घनता कमी दाखवतो.

तरंगणारे लाकूड बारीक सुईने पाण्याखाली दाबून धरावे, आणि मिठासारख्या विरघळणाऱ्या पदार्थासाठी पाण्याऐवजी तो ज्यात विरघळत नाही असा, घनता माहीत असलेला द्रव घ्यावा.

पाणी गोठताना आकारमान कसे बदलते हे आकड्यांतून स्पष्ट दिसते. शून्य अंशाला बर्फाची घनता ०.९१७ असते, त्यामुळे १०० ग्रॅम पाण्याचा बर्फ सुमारे १०९ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. वस्तुमान १०० ग्रॅमच राहते. काठोकाठ भरलेली बंद बाटली गोठल्यावर फुटते ती याच नऊ टक्क्यांमुळे.

मिश्रणाच्या बाबतीत तर घटकांच्या आकारमानांची बेरीज मुळीच गृहीत धरू नये. ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केल्यास रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसतात आणि मिश्रण ९६ ते ९७ मिलिलिटरच्या दरम्यान भरते. इथेनॉलचे ३९.५ आणि पाण्याचे ४९.९ ग्रॅम मिळून वस्तुमान मात्र ८९.४ ग्रॅमच होते. दोन्ही घनतांची सरासरी काढणाऱ्याला ०.८९ असे उत्तर मिळेल, प्रत्यक्षात ते ०.९३ च्या जवळ असते. म्हणून द्रव नीट ढवळून, मिसळताना आलेली उष्णता निघून जाईपर्यंत थांबून, मिश्रणाचे आकारमान नव्याने मोजावे आणि घनतेच्या आकड्याशेजारी तापमानही लिहावे.