घरच्या सर्व्हरवर पुश नोटिफिकेशन: या चुका टाळा

घरच्या सर्व्हरवर एनटीएफवाय (ntfy) ही फोनवर पुश नोटिफिकेशन पाठवणारी सेवा बसवणं अवघड नाही. (उच्चार ‘नोटिफाय’.) डॉकरचा (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) एक कंटेनर, एक सेटिंग फाइल आणि फोनवर अ‍ॅप एवढं झालं की कर्लने (कमांड लाइनवरून) पाठवलेला पहिला मेसेज अर्ध्या तासात टिंग करून फोनवर येतो. अडचण पुढे आहे. ही सेवा बंद पडली तर ते सांगणार कोण? सांगण्याचं काम तिचंच होतं. समजा, टाकीतलं पाणी कमी झालं की सेन्सर तिच्यामार्फत रहिवाशांना मेसेज धाडतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरलेली आहे म्हणून फोन शांत आहे, की सर्व्हरच आडवा झालाय म्हणून शांत आहे, हे फोनकडे बघून समजत नाही. समजतं ते सकाळी सहाला नळातून नुसती हवा आल्यावर. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत: पहिल्या दिवशी सगळं चालतं आणि नेमक्या वेळी चालत नाही.

चाचणी चुकीच्या फोनवर

फोन हातात, घरच्या वायफायवर, स्क्रीन चालू, अ‍ॅप उघडं. अशा वेळी मेसेज आला तर त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावा, चार्जर काढा, स्क्रीन बंद करा आणि फोन टेबलावर ठेवून द्या. तासभर हात लावू नका. मग दुसऱ्या कुणाकडून तरी मेसेज पाठवून घ्या. तासभर का, तर अँड्रॉइड ६ पासून फोन चार्जरवर नसेल, हलत नसेल आणि स्क्रीन बंद असेल, तर थोड्या वेळाने तो अ‍ॅपचं नेटवर्क रोखून धरतो. दोन मिनिटांच्या चाचणीत हे दिसतच नाही.

स्वतःच्या सर्व्हरचे मेसेज अँड्रॉइडवर गूगलच्या फायरबेस या मेसेज पोचवणाऱ्या सेवेमार्फत येत नाहीत. अ‍ॅप सर्व्हरशी स्वतःचं कनेक्शन सतत धरून ठेवतं. म्हणून अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट देणं सक्तीचं आहे: सेटिंग, अ‍ॅप्स, बॅटरी, ‘अनरिस्ट्रिक्टेड’. बऱ्याच फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी परवानगी असते, तीही द्या. नाहीतर फोन रीस्टार्ट झाला की अ‍ॅप पुन्हा कुणीतरी उघडेपर्यंत मुकं राहतं.

आयफोनची गोष्ट उलटी आहे. तिथे अ‍ॅपला असं कनेक्शन धरून ठेवताच येत नाही, त्यामुळे सेटिंग फाइलमध्ये ‘अपस्ट्रीम-बेस-यूआरएल’ला एनटीएफवायच्या मूळ सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो. मेसेजचा मजकूर तिकडे जात नाही. जातो तो टॉपिकच्या (मेसेज ज्या नावाखाली पाठवतात आणि ऐकतात, त्या नावाच्या) पत्त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून काढलेला सांकेतिक ठसा, आणि मेसेजचा क्रमांक. ॲपलमार्फत फोन जागा होतो आणि मजकूर तुमच्या सर्व्हरवरून ओढून आणतो. यात दोन ठिकाणी गाडी अडते. एक, ‘बेस-यूआरएल’ आणि आयफोनच्या अ‍ॅपमधला सर्व्हरचा पत्ता अक्षरशः सारखा हवा. एकीकडे एचटीटीपी आणि दुसरीकडे एचटीटीपीएस असेल तर हॅश बदलतो आणि फोन जागाच होत नाही. दोन, फोनला त्या क्षणी तुमचा सर्व्हर गाठता आला पाहिजे. तो गाठता आला नाही, तर मजकुराऐवजी नुसतं ‘न्यू मेसेज’ दिसतं.

बाहेरून घरात येणारी वाट

अनेक घरगुती ब्रॉडबँड कनेक्शन सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी कित्येक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली विनंती राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्यावर) वेळ घालवू नका, ते चालणारच नाही. मग उरतात तीन वाटा: पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, क्लाउडफ्लेअर टनेल (सर्व्हरने आतून बाहेर उघडलेली वाट) लावा, किंवा सगळ्या फोनांवर टेलस्केल (खासगी व्हीपीएन) टाका. घरातल्या चार माणसांसाठी टेलस्केल उत्तम. पण चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत प्रत्येकाच्या फोनवर व्हीपीएन चालू राहील, ही अपेक्षा धरू नका. तिथे टनेलच. स्टॅटिक आयपी घेतला आणि बाहेरून सगळं चालतंय, पण घरच्या वायफायवर मात्र डोमेन उघडत नाही, असं झालं तर दोष राउटरच्या नॅट लूपबॅकचा आहे: घरातून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणं त्याला जमत नाही. घरच्या डीएनएसमध्ये ते नाव सर्व्हरच्या लोकल आयपीकडे वळवा.

वाटेत एनजिनएक्स असेल तर

मेसेज पाठवला की सर्व्हर ‘ठीक’ म्हणतो, वेब पानावर इतिहासातही तो दिसतो, फोनवर मात्र येत नाही किंवा चारपाच मेसेज एकदम येतात. हे लक्षण प्रॉक्सी बफरिंगचं आहे: सर्व्हरच्या पुढे बसलेला एनजिनएक्स हा मध्यस्थ (प्रॉक्सी) मेसेज साठवून ठेवतो. ‘प्रॉक्सी-बफरिंग’ बंद करा, वेबसॉकेटसाठी (सतत उघडं राहणाऱ्या कनेक्शनसाठी) ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे दोन्ही हेडर पुढे पाठवा आणि ‘प्रॉक्सी-रीड-टाइमआउट’ ३ मिनिटं ठेवा. एनजिनएक्सचा मूळ टाइमआउट ६० सेकंदांचा असतो आणि एनटीएफवाय दर ४५ सेकंदांनी जिवंत असल्याची खूण पाठवतं, म्हणून मूळ सेटिंगवर ते कसंबसं निभावतं. पण बॅटरी वाचवायच्या नादात कुणी ‘कीपअलाइव्ह-इंटरव्हल’ दोन मिनिटं केलं की कनेक्शन तुटत राहतं. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये ७७ सेकंदांची मर्यादा कायमची बसवलेली आहे, त्यामुळे इथे ४५ला हात न लावलेलाच बरा.

प्रॉक्सी किंवा टनेल असताना ‘बिहाइंड-प्रॉक्सी’ चालू करायचं राहून जातं. मग सर्व्हरला सगळी माणसं आणि सगळे सेन्सर एकाच आयपीवरून आलेले दिसतात. एका पाहुण्याला (म्हणजे एका आयपीला) एका दमात ६० रिक्वेस्ट आणि नंतर दर ५ सेकंदांना एक, ही मूळ मर्यादा सगळ्यांत मिळून संपते आणि ४२९ हा एरर येऊ लागतो.

कुलूप लावायचं राहिलं

मूळ सेटिंगमध्ये एनटीएफवाय सगळ्यांना खुलं असतं. टॉपिकचं नाव ज्याला ठाऊक, तो मेसेज वाचूही शकतो आणि पाठवूही शकतो. ‘टाकी’ किंवा ‘अलर्ट’ असलं नाव ओळखायला वेळ लागत नाही आणि ‘पाणी संपलं’ असा खोटा मेसेज पहाटे तीनला कुणीही धाडू शकतं. ‘ऑथ-डिफॉल्ट-अ‍ॅक्सेस’ला ‘डिनाय-ऑल’ करा. सेन्सरसाठी वेगळा यूजर काढून त्याला फक्त लिहिण्याचा हक्क द्या, रहिवाशांना फक्त वाचण्याचा. स्क्रिप्टमध्ये पासवर्डऐवजी टोकन घाला, म्हणजे गळलं तर तेवढंच रद्द करता येतं.

डॉकरवाल्यांनी यूजरची फाइल आणि कॅशची फाइल या दोन्ही व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या कायमच्या जागेत) ठेवाव्यात. व्हॉल्यूम नसेल तर इमेज अपडेट करून कंटेनर नव्याने उभा केला की सगळे यूजर गायब होतात. ‘कॅश-फाइल’ दिलीच नाही तर मेसेज फक्त मेमरीत राहतात आणि रीस्टार्टमध्ये जातात. दिली तरी ते मुळात १२ तासच टिकतात. गावाला जाऊन रेंजबाहेर राहणारा सेक्रेटरी असेल तर ‘कॅश-ड्युरेशन’ ४८ तास करा.

मराठीतून पाठवताना

टॉपिकचं नाव देवनागरीत चालत नाही. रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर, तेही ६४ पर्यंत. मजकूर मराठीत खुशाल लिहा, पण मर्यादा ४०९६ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे साधारण १३६५ चिन्हं, आणि यात काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. त्यावर गेलं की मेसेजची अटॅचमेंट होते, आणि अटॅचमेंट चालू नसतील तर एरर.

शीर्षक हेडरमधून जातं. तिथे पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ला मराठी अक्षरं दिली की एन्कोडिंगचा एरर येतो, कारण ते हेडर लॅटिन-१ या युरोपीय अक्षरांच्या संचात लिहायला बघतं. साधा उपाय म्हणजे टॉपिक, शीर्षक, मजकूर असं सगळं जेसन (JSON) या मांडणीत पाठवा. फक्त हे जेसन सर्व्हरच्या मूळ पत्त्यावर पाठवायचं, टॉपिकच्या पत्त्यावर नाही. टॉपिकवर पाठवलं तर फोनवर महिरपी कंस आणि अवतरण चिन्हांसकट कच्चा मजकूर उमटतो.

गुरुवारची वीज

पुण्यात महावितरण देखभालीची कामं बहुधा गुरुवारी काढतं, त्यामुळे तुमच्या बॅकअपची परीक्षा गुरुवारी असते. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेताना खोक्यावरच्या एमएएचला भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो: १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास, रूपांतरातली घट जाऊन हाती ३० च्या आसपास. राउटर आणि ओएनटी (फायबरचा डबा) मिळून १५ वॉट, सर्व्हर म्हणून लावलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचे ५ वॉट धरले, तर दीड तासात दिवे मालवले. चार तास हवे असतील तर हाती ८० वॉट-तास लागतील. शिवाय पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतो. यूपीएसचं यूएसबी तोंड २ अँपिअरचं असेल तर पाय मध्येच रीस्टार्ट होतो आणि एसडी कार्डावरचा डेटाबेस बिघडतो. डेटाबेस एसएसडीवर ठेवा.

एवढं करूनही इमारतीच्या डक्टमधल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. म्हणून राखणदार घराबाहेर हवा. सर्व्हरने दर ५ मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या हेल्थचेक सेवेला हाक द्यावी, १५ मिनिटं हाक आली नाही तर त्या सेवेने ईमेल करावा. त्याच पायवर अपटाइम कुमा हा पहारा देणारा प्रोग्रॅम बसवून हे काम होत नाही, पाय बंद तर कुमाही बंद. आणि बाहेरच्या सेवेला तुमच्याच एनटीएफवायवरून कळवायला सांगणं हीसुद्धा नेहमी होणारी चूक आहे.

मेसेजांचा पूर

टँकर पाणी सोडत असताना टाकीत लाटा उठतात. पातळी २० टक्क्यांच्या वर-खाली नाचते आणि स्क्रिप्ट प्रत्येक वेळी मेसेज सोडते. दहा मिनिटांत पन्नास टिंग झाले की लोक टॉपिक म्यूट करतात आणि तो परत कधी उघडत नाहीत. २० टक्क्यांना इशारा द्या, पण पातळी ३५ च्या वर जाऊन परत खाली आल्याशिवाय दुसरा इशारा देऊ नका. प्राधान्य १ ते ५ असतं, न सांगता ३. ५ हे फक्त ‘पंप चालू आहे आणि टाकी वाहतेय’ अशा गोष्टींसाठी राखा. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ भेदून आवाज यावा अशी इच्छा असेल, तर अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपच्या नोटिफिकेशन सेटिंगमधून सर्वोच्च प्राधान्याच्या चॅनेलला तशी परवानगी द्यावी लागते. सर्व्हरवरून ते करता येत नाही. प्रत्येक फोन हातात घेऊन करावं लागतं.