शेंगतेलाचा साबण आणि आडाचं पाणी

माझं माहेर बेळगावच्या कणकुंबीकडचं. मलप्रभा नदी तिथं उगम पावते. जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यावर आम्ही वाढलो. लग्न होऊन सांबऱ्याच्या बाजूला काळ्या मातीत आले आणि पहिल्याच आठवड्यात न्हाणीत बसून वाटलं, साबण खोटा मिळालाय. चोळून चोळून फेस येईना, बादलीच्या कडेला मात्र पांढरी चिकट साय धरलेली. सासूबाई म्हणाल्या, "साबणाला कशाला नावं ठेवतीस गं? आपल्या आडाचं पाणीच जड. तुरीची डाळसुद्धा शिजता शिजत नाही त्यात."

पुढं हायस्कुलात विज्ञान शिकवताना 'दुष्फेन पाणी' हा धडा आला की मला ती बादलीच दिसायची. कानडी शाळेतली शेजारची पोरं त्यालाच 'गडसु नीरु' म्हणतात. तेव्हापासून मी हा प्रयोग पोरांकडून करून घेते: आधी साबण आपल्या हातानं बनवायचा, मग त्याच साबणानं आपल्या आडाच्या पाण्याचा जडपणा मोजायचा. साबण तयार होणं आणि तो पाण्यात वाया जाणं, दोन्ही समोर घडलेलं बघितलं की धडा पाठ करावा लागत नाही.

साहित्य थोडंच आहे. शेंगतेल म्हणजे भुईमुगाचं तेल १०० ग्रॅम, प्रयोगशाळेतला शुद्ध कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साईड) १३ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ३५ ग्रॅम. तिन्ही वजनावर घ्यायचं, वाटीच्या मापानं नाही. तराजू एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. १०० ग्रॅम शेंगतेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १३.६ ग्रॅम सोडा लागतो. आपण मुद्दाम थोडा कमी घेतो, म्हणजे शेवटी थोडं तेल उरेल, पण सोडा उरणार नाही.

खोबरेल का नको, हे विचाराल. पहिल्या वर्षी मी खोबरेलाचाच साबण केला होता आणि गोड्या-जड पाण्यातला फरक नीट दिसेचना. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं, त्याची कार्बनची साखळी आखूड, बारा कार्बनची. असा साबण जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो, म्हणून तर समुद्राच्या पाण्यात वापरायचा साबण खोबरेलाचा करत. आपल्याला उलट हवं आहे. शेंगतेलातल्या बहुतेक साखळ्या अठरा कार्बनच्या, त्या जड पाण्यातला कॅल्शियम दिसला की लगेच साका धरतात.

आता सोडा. इथं माझी पोरं मला कडक म्हणायची आणि मी कडकच होते. डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या. पाण्यात सोडा थोडा थोडा घालायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, एकदम उकळून तोंडावर उडतं. द्रावण आपोआप खूप तापतं, वाफ नाकात जाऊ देऊ नका. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर थेंब पडलाच तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर तसंच धुवत धुवत दवाखाना गाठायचा. आठवीच्या खालच्या पोरांना हे काम देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

द्रावण कोमट झालं की कोमट तेलात बारीक धारेनं ओता आणि ढवळत राहा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात हे स्टीलचं भांडं बसवायचं. शेंगतेल आळशी आहे, दीड-दोन तास सहज घेतं. आधी तेल-पाणी फुटल्यासारखं दिसतं, मग पिठल्यासारखं घट्ट होतं, शेवटी मेणासारखं थोडं पारदर्शक. आत काय घडतंय? तेलाच्या प्रत्येक रेणूत एका ग्लिसरीनला तीन आम्लांच्या साखळ्या बांधलेल्या असतात. सोडा त्या गाठी सोडवतो. ग्लिसरीन मोकळं होतं आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला सोडियम बसतो. तोच साबण. तेलाचा हा कारभार फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडला. त्याआधी हजारो वर्षं लोक साबण करत होते, पण तेलाचं नेमकं काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सोडा उरलाय का ते बघायला पोरं हळदीचा कागद आणतात. तो इथं कामाचा नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे, म्हणजे चांगल्या साबणानंही कागद लालच होणार. त्याऐवजी साबणाचा तुकडा स्पिरिटमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाका. गुलाबी झालं तर सोडा शिल्लक आहे, अजून शिजवा. रंग आला नाही तर साच्यात ओता आणि महिनाभर वाळू द्या. हा साबण मऊच राहतो, त्याची काळजी नको.

वाळलेला साबण किसून १ ग्रॅम घ्या. ५० मिली डिस्टिल्ड वॉटर आणि ५० मिली स्पिरिट एकत्र करून त्यात तो विरघळवा. नुसत्या पाण्यात ठेवला तर गारठ्यात थिजतो. स्पिरिट असल्यामुळं जवळपास चूल नको.

झाकणाच्या पारदर्शक बाटलीत ५० मिली पाणी घ्या. सुई काढलेल्या सिरिंजनं साबणाचं द्रावण अर्धा-अर्धा मिली घाला आणि दर वेळी जोरात हलवा. आधी पाणी दुधाळ होतं, फेस येतो आणि बसतो. कॅल्शियमचा एक कण साबणाच्या दोन साखळ्या पकडून तळाला घेऊन जातो, म्हणून सगळा कॅल्शियम संपेपर्यंत फेसाला साबण उरत नाही. फेस पाच मिनिटं टिकला की किती मिली लागलं ते लिहा. मात्र जड पाण्यातला मॅग्नेशियम फसवतो. तो साबणाशी सावकाश वागतो, त्यामुळं फेस टिकल्यासारखा वाटतो आणि थोड्या वेळानं पुन्हा हलवलं की नाहीसा होतो. म्हणून टिकलेला फेस दिसला की आणखी एकदा हलवून खात्री करायची.

नुसता आकडा काही सांगत नाही, तुलनेला जडपणा ठाऊक असलेलं पाणी हवं. शाळेच्या प्रयोगशाळेत १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब घालून ते विरघळवा, उकळून वायू घालवा, विरळ अमोनियानं आम्ल मारा आणि एकूण १ लिटर करा. आम्ल उरलं तर ते साबणच फोडतं, हे विसरू नका. यातलं १० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ४० मिली घेतलं की लिटरला २०० मिलिग्रॅमचं पाणी झालं. समजा याला ९ मिली साबण लागला, नुसत्या डिस्टिल्डला १ आणि आडाच्या पाण्याला १५. डिस्टिल्डचा १ दोन्हीकडून वजा करा: १४ भागिले ८, गुणिले २००, म्हणजे ३५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं धरलंय.

आता तेच पाणी अर्धा तास उकळा, थंड करा, तळाचा पांढरा थर गाळून टाका, आटलेलं डिस्टिल्डनं भरून काढा आणि पुन्हा मोजा. आकडा जितका उतरला तितका जडपणा बायकार्बोनेटचा. उरलेला सल्फेट-क्लोराईडचा, तो उकळून जात नाही. तुरटीनंही जात नाही. तुरटी गाळ बसवते, जडपणा नाही. कपड्यांसाठी धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट, कॉस्टिक नव्हे) घाला, तो दोन्ही प्रकारचा कॅल्शियम खाली बसवतो.

बायकार्बोनेट येतो कुठून? पाऊस मातीत मुरताना मुळांनी आणि किड्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साईड घेतो आणि किंचित आंबट होतो. आमच्या काळ्या मातीत चुन्याचे खडे आहेत, ते त्यात विरघळतात. कणकुंबीकडं मुसळधार पावसानं दगडातला चुना युगानुयुगं धुऊन नेलाय, मागं लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, म्हणून जांभा लाल आणि झरे मऊ. माहेराहून आणलेल्या बाटलीला लागलेला साबण पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त होता.

आडाचं पाणी मिरगाआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा मोजा, बोअरचं वेगळं लिहा. द्रावणाच्या बाटलीवर तारीख घाला आणि महिन्यानंतर नवीन करा. आमच्या घरात आता डाळ पत्र्याच्या पाण्यात शिजते.