लिंक तुटली तर? मानवरहित लष्करी गाड्यांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल करून मी या क्षेत्रात आलो त्याला सहा वर्षं झाली. नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न तोफेचा नाहीतर एआयचा असतो. माझं सांगणं एकच: संपर्क तुटल्यावर गाडी काय करते, ते आधी शिका.

२०१८ मध्ये रशियाने सीरियात उरान-९ ही दुरून चालवायची मानवरहित लढाऊ गाडी उतरवली. ३० मिमीची तोफ, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं, सगळं होतं. पण इमारतींच्या आड नियंत्रण ३०० ते ५०० मीटरच्या पुढे जाईना. १७ वेळा मिनिटभरापर्यंत संपर्क गेला, दोनदा तर दीड तासापर्यंत. त्यांच्याच तज्ज्ञांनी हे पुढे मांडलं. अशा वेळी गाडीने थांबायचं की मागे फिरायचं, हे कुणीतरी आधीच ठरवून कोडमध्ये लिहावं लागतं. गोळीबाराचा निर्णय मात्र माणसाच्याच हाती राहावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट जमीन. पावसाळ्यातल्या एका चाचणीत काळ्या मातीचा लगदा स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांत घट्ट बसला आणि जागच्या जागी वळताना डावा पट्टा उतरला. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र स्वच्छ होतं. मोटरवर ताण येऊन तिच्या करंटचा आकडा चढत होता, तिकडे माझं लक्षच नव्हतं. फिटरकाकांनी काठीने माती खरवडत सांगितलं, "ओल्या जमिनीत जागेवर फिरवू नका साहेब, पुढे-मागे घेत वळवा." हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

चित्र उशिरा पोचतं, हेही लक्षात ठेवा. ताशी २० किमी वेगात ३०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तुम्हाला दिसेपर्यंत गाडी दीड मीटरहून पुढे गेलेली असते.

अभ्यासाचं म्हणाल तर कंट्रोल सिस्टिम्स, सी++, कॅन बस (गाडीतल्या यंत्रणांना जोडणारं संदेशांचं जाळं) आणि रेडिओची तोंडओळख हवीच. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेत सायंटिस्ट-बी या सुरुवातीच्या शास्त्रज्ञपदासाठी गेट परीक्षेचे गुण लागतात. बॉम्ब निकामी करणारा रोबो 'दक्ष' पुण्यात डीआरडीओच्या दिघीच्या प्रयोगशाळेत घडला, तर बीएमपी-२ या चिलखती गाडीवर आधारलेली मानवरहित 'मंत्रा' चेन्नईजवळच्या आवडी इथे. खासगी कंपन्यांत मुलाखतीला गेलात तर स्वतः बनवलेला, बिघडलेला आणि दुरुस्त केलेला रोबो दाखवा. गुणपत्रिकेपेक्षा त्यावर जास्त बोलणं होतं.

रुजू झालात की पहिल्याच दिवशी ई-स्टॉपचं, म्हणजे गाडी तातडीने थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते विचारा. परवानगी घेऊन, मोकळ्या मैदानात गाडी चालू असताना ते स्वतः दाबा. किती मीटर पुढे जाऊन थांबली, ते वहीत लिहून ठेवा.