वुडब्लॉक प्रिंट शिकताय? या चुका टाळा, पहिली तर नक्कीच

नवीन शिकणाऱ्यांचे इतके ब्लॉक (चित्र कोरलेला लाकडी ठसा; उंच राहिलेल्या भागाला शाई लागते, कोरून काढलेला पांढरा राहतो) बघितलेत की आता प्रिंट काढायच्या आधीच कळतं कुठे बिघडणार आहे, कारण चुका त्याच त्याच असतात. एखादं सुंदर पान उचलून आणायचं, ट्रेस करायचं, त्यातली शीर न शीर लाकडावर उतरवायची आणि लगेच कोरायला बसायचं. अहो, पानातल्या सगळ्या शिरा लाकडात येत नाहीत आणि यायची गरजही नाही.

मी स्वतः हे करून बसलेय. फर्नचं पान होतं, टोकाला अगदी केसासारख्या पाती, तीन आठवडे रोज संध्याकाळी कोरत होते. पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीचा प्रिंट, इतकं छान आलं की लगेच चांगला कागद काढला. सहाव्या प्रिंटला एक टोक गायब, आठव्याला अजून दोन, आणि रोलरवर लाकडाचे बारीक कण चिकटलेले. ब्लॉक खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरला तेव्हा दिसलं, प्रत्येक रेष अळंबीसारखी झाली होती, वर रुंद आणि खाली देठ बारीक. चाकूचं टोक मी रेषेच्या पोटात घालत गेले होते, पाया पोखरला गेला होता. त्यात पाती ग्रेनला (लाकडाच्या तंतूंच्या दिशेला) आडवी, म्हणजे तुटणारच.

तेव्हापासून चाकूची मूठ रेषेवर किंचित झुकलेली आणि टोक रेषेपासून लांब जाणारं, हे हाताला लावून घेतलंय. कापून झाल्यावर रेष शेताच्या बांधासारखी दिसली पाहिजे, माथा अरुंद, पाया रुंद. सगळ्यात बारीक रेषा ग्रेनच्या दिशेने येतील असंच पान ब्लॉकवर ठेवते. आणि मुख्य म्हणजे शिरा पांढऱ्या ठेवते. काळी शीर हवी असेल तर दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं, पांढरीला व्ही गाउजचा (व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीचा) एक हात पुरतो आणि ती तुटायचा प्रश्नच नाही. पान गडद, शिरा पांढऱ्या, त्यातही मधली आणि आठदहा ठळक तेवढ्याच. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

यावर कोणीतरी इंग्लिश लाकूड-कोरीवकार थॉमस ब्यूइकच्या (१७५३–१८२८) पक्ष्यांचा फोटो दाखवतंच, पिसं बघा म्हणे किती बारीक. ती बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे एंड ग्रेनवर कोरलेली आहेत, प्लायवर ते होणार नाही. आणि जपानी चित्रकार होकुसाईची १८३१च्या सुमाराची ती मोठी लाट? चित्र त्याचं, पण कोरणारे वेगळे, छापणारे वेगळे, आणि त्या कारागिरांची वर्षानुवर्षं त्या एकाच कामात गेलेली. दोन रविवारांत तिथे पोचायची घाई कशाला?

दुसरी चूक शाईची, आणि ही मला जास्त त्रास देते कारण इथे नीट कोरलेला ब्लॉकही वाया जातो. कोरडं लाकूड शाई पितं त्यामुळे पहिले दोनतीन प्रिंट फिके येतातच. लोक घाबरतात आणि शाई ओततात, मग पाचव्या प्रिंटपर्यंत शिरा बुजून पानाचा नुसता काळा डाग. ऑइल बेस शाई वापरत असाल तर रोलरचा आवाज ऐका. चपचप येत असेल तर शाई जास्त आहे, बारीक सळसळ येत असेल तर बरोबर. ब्लॉकवर शाई मखमलीसारखी दिसावी, संत्र्याच्या सालीसारखी नाही. एक जाड थर देण्यापेक्षा चार पातळ हात द्या. रेषा बुजल्याच असतील तर नवीन शाई न लावता रद्दी कागदावर दोनतीन प्रिंट काढा, उरलेली जुन्या मऊ टूथब्रशने काढा. नळाखाली धरू नका, प्लाय फुगतो आणि मग सरळ होत नाही.

बाकीच्या पटापट सांगते. बोथट हत्यार कापत नाही, लाकूड फाडतं आणि घसरून हातावर येतं, म्हणून मी दर वीसेक मिनिटांनी चामड्यावर घासते. दुसरा हात कायम पात्याच्या मागे, याला अपवाद नाही. पक्षी किंवा अक्षरं असतील तर उलटं करून ट्रेस करा, पान एकवेळ चालून जातं, नाव नाही. हाताने घासून प्रिंट काढताय तर जाड ड्रॉइंग पेपर सोडा, पातळ लांब तंतूंचा जपानी कागद घ्या, मग चमच्याच्या पाठीनेही छान येतं. किती कोरून झालंय हे बघायला शाई लागत नाही, ब्लॉकवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, सगळं दिसतं.

आणि ऑइल बेस शाई वरून सुकलेली दिसली म्हणून प्रिंट एकावर एक रचू नका. माझे आठवडाभर दोरीवर क्लिपने टांगलेले असतात, मगच फाइलमध्ये जातात.