राखीव भाग असूनही सर्व्हर बंद पडतो: या चुका टाळा

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असले आणि हार्डडिस्क रेडमध्ये (एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) जोडलेल्या असल्या, की एखादा भाग निकामी झाला तरी काम अडणार नाही, असे आपण धरून चालतो. मात्र दोन्ही भाग एकाच कारणाने एकदम बंद पडू शकतात का, हे तपासायचे बहुतेकदा राहून जाते.

एका कार्यालयात सर्व्हरच्या मागे वाकून पाहिले, तर दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या होत्या. तो बोर्ड सैल झाला, तर दुसऱ्या पॉवर सप्लायचा काहीही उपयोग नव्हता. दोन वायरी दोन वेगळ्या यूपीएसवर असाव्यात. शिवाय, सर्व्हर ७०० वॅट घेत असेल आणि प्रत्येक पॉवर सप्लाय ५०० वॅटचाच असेल, तर एक गेल्यावर दुसऱ्याला तो भार पेलवत नाही.

त्याहून घातक चूक म्हणजे पहिला बिघाड लक्षातच न येणे. रेड ५ या प्रकारात एक डिस्क गेली तरी माहिती मिळत राहते, त्यामुळे डिस्कवरचा पिवळा दिवा कित्येक आठवडे कोणी पाहत नाही, आणि दुसरी डिस्क गेली की सगळेच जाते. म्हणून बिघाडाची सूचना ई-मेलने येईल अशी व्यवस्था करावी, आणि ती खरोखर येते का हेही पाहावे. नवी डिस्क बसवल्यावर उरलेल्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. मोठ्या डिस्कना त्यासाठी कित्येक तास लागतात, आणि सगळ्या एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतील, तर नेमकी तेव्हाच दुसरी जाण्याची भीती असते. दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारे रेड ६ अशा ठिकाणी अधिक बरे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगायलाच हवे: चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून पुसली जाते.

जोडी हुबेहूब सारखी असणे हीही अडचण ठरू शकते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिशा सांगणारे मुख्य आणि राखीव असे दोन्ही संच एकाच सॉफ्टवेअरवर चालत होते. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत न मावल्याने आधी राखीव आणि क्षणार्धात मुख्य संच बंद पडला, आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. त्यामुळे जोडीतल्या दोन्ही उपकरणांचे फर्मवेअर (उपकरणाच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) एकाच दिवशी बदलू नये.

शेवटी, बॅकअप घेऊन सुटीच्या दिवशी एका पॉवर सप्लायची वायर काढावी, सर्व्हर चालू राहतो का आणि सूचना येते का ते पाहावे, ती पुन्हा जोडून दिवा हिरवा झाल्यावरच दुसरी काढावी.