त्रिनिदादचा तासा शिकायचाय? आधी फुले धरा

पुण्याच्या पथकात पाच गणपती वाजवलेला ताशेवाला कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर गेला, की त्याचा हात चालतो आणि कान अडतो. वाद्य ओळखीचं असतं: गोल पोटाचं, गळ्यात अडकवायचं, दोन काड्यांनी वाजवायचं. नावही जवळजवळ तेच, तासा. पण ठेका सुरू झाला की सम कुठे पडते तेच लागत नाही. त्या ठेक्यात भोजपुरी मुलखातून आलेलं काहीतरी असतं आणि तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ढोलांतून आलेलंही काहीतरी असतं, आणि दोन्हींचा सांधा कुठे आहे ते पहिल्या महिन्यात ऐकू येत नाही. ‘आपलाच ताशा, परदेशी गेलेला’ असं मनात धरून शिकायला बसलात तर तो महिनाही वाया जातो.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ हे जहाज सुमारे सव्वादोनशे हिंदुस्थानी मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. पुढे १९१७ पर्यंत करारावरचे जवळपास १ लाख ४४ हजार लोक त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर आले. बहुतेक कलकत्त्याहून निघालेले, आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारचे; काही मद्रासहून. मॉरिशसला मुंबई बंदरातून मराठी मजूर गेले, तशी मराठी वस्ती त्रिनिदादला झाली नाही. त्यामुळे तिथल्या तासाचा आपल्या ताशाशी संबंध सख्ख्या भावाचा नाही, चुलतभावाचा आहे.

पथक छोटं असतं. आपल्याकडे पुढे ताशे आणि मागे तीस-चाळीस ढोल; एखाद्याचा ठोका हुकला तरी गर्दीत खपून जातो. तिथे नेहमीच्या लग्नातलं पथक चार जणांचं. दोन तासे, एक ‘बास’, म्हणजे लाकडी खोडाचा मोठा ढोल, आणि पितळी झांज. बासवाला एका बाजूला काठी मारतो, दुसऱ्या बाजूला उघडा तळवा. दोन तास्यांपैकी एक ‘कटर’: पुढारी, उपज करणारा (ऐनवेळी नवे बोल काढणारा), इशारे देणारा. दुसरा ‘फुले’: एकच ठेका न हलता धरून ठेवणारा. (हा फ्रेंच-क्रिओल, म्हणजे तिथल्या फ्रेंचमिश्रित बोलीतला, शब्द. मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकताना आडनाव वाटतं. इंग्रजी वळणाने त्याला ‘फुलर’ही म्हणतात.)

या दोन नावांवर थोडं थांबायला हवं. फुले आणि कटर ही नावं भारतातून आलेली नाहीत. त्रिनिदादच्या काठीयुद्धात, म्हणजे कलिंदात, आफ्रिकी वंशाचे लोक जे ढोल वाजवायचे त्यांतही फुले आणि कटर अशीच विभागणी होती. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने कार्निव्हलमधल्या ढोलांवर बंदी आणली, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून संगीत केलं. त्या ‘टाम्बू बाम्बू’तही फुले होता, कटर होता. वाद्य हिंदुस्थानी आणि वाजवणाऱ्यांच्या कामाची नावं क्रिओल, अशी ही वाटणी आहे. मिश्रण म्हणजे नक्की काय, हे पथकातल्या या दोन जागांवर उभं राहिलं की हाताला कळतं.

ठेक्याला तिथे ‘हँड’ म्हणतात. आपल्या पथकांतही ‘पहिला हात, दुसरा हात’ म्हणतातच, त्यामुळे हा शब्द लगेच बसतो. फरक एवढाच की हँड म्हणजे एकट्या तास्याचे बोल नव्हेत. चारही वाद्यांचे भाग मिळून एक हँड होतो. लग्नात सुरुवात बहुधा संथ ‘तिकोरा’ने होते, मग ‘नगारा’सारखे चढे हँड येतात. ‘चौबोला’, ‘खेमटा’ ही नावं उत्तर हिंदुस्थानी कानाला सरळ पोचतात. ‘डिंगोले’ पोचत नाही, कारण तो शब्द तिथल्या क्रिओल बोलीतला, नाचण्या-घुमण्याचा, आणि त्याची चालही आफ्रिकी अंगाची. आज सगळ्यात जास्त पाय हलवणारा हँड बहुधा हाच. त्याखेरीज कॅलिप्सो (तिथली लोकप्रिय गाणी) हँड आहे, स्टीलपॅन (तेलाच्या पिंपांपासून बनलेलं वाद्य) हँड आहे. म्हणजे शेजारच्या गल्लीत जे वाजत होतं ते तासेवाल्यांनी उचललं आणि आपल्या चार वाद्यांत बसवलं.

आता शिकायचा क्रम. पहिले दोन आठवडे झांज. आपल्याकडून गेलेल्यांना हा अपमान वाटतो, आणि तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं. झांजेच्या जागेवरून चारही भाग एकाच वेळी ऐकू येतात, आणि लय धरायचं काम असल्याने मन भटकायला वाव राहत नाही. झांज पितळी आणि जड असते. दोरी बोटांना काचते, म्हणून कापड गुंडाळा, आणि जोर कोपरातून लावण्याऐवजी मनगट सैल ठेवा. उभ्याने अर्धा तास जमला की चालत वाजवा. वरात चालत असते, आणि चालताना पाऊल आणि ठोका यांचं भांडण लागतं.

तिसऱ्या आठवड्यापासून फुले. एकच हँड घ्या, डिंगोले घ्या. ऐकता त्याच्या निम्म्या गतीने, न थांबता वीस मिनिटं. मेट्रोनोम दर चार-पाच दिवसांनी एखाद-दुसरं घर वर न्या, त्याहून नाही. जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे: वाजवता वाजवता शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलताना ठेका डगमगला तर तो अजून डोक्यात आहे, हातात उतरलेला नाही.

इथे आपल्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे तर्री, म्हणजे ताशावरचे घाईचे सलग ठोके. काड्या हातात आल्या की तर्री काढायची खाज सुटते. फुलेवाल्याने तर्री घातली की कटरला कशावर कापायचं तेच उरत नाही. कटरची सगळी मजा फुलेच्या विरुद्ध ठोके टाकण्यात आहे. खालचा ठेका हलला की वरची उपज नुसता गोंगाट होते. दुसरी चूक गतीची: कटर तापला की फुलेही नकळत धावतो, मग बास मागे पडतो, आणि दोन मिनिटांत चौघे चार दिशांना.

महिना-दीड महिन्याने इशारे शिका. कटर ठरावीक बोल काढतो आणि सगळं पथक एकदम तोडतं, हँड बदलतं किंवा थांबतं. हे इशारे लिहून पाठ होत नाहीत. रेकॉर्डिंग करा, पण विचारून. फोन वाद्याजवळ ठेवलात तर आवाज फाटतो आणि घरी नुसती खरखर ऐकू येते. दहा-पंधरा फूट लांब, फुलेच्या बाजूला ठेवा. एखाद्या शांत सरावात फुले आणि बास दोघांचंच वेगळं ध्वनिमुद्रण मिळालं तर ते सोन्यासारखं. कटर सगळ्यात शेवटी, आणि तोही गुरूने ‘घे’ म्हटल्यावर. कानात बोळे घाला. दोन तासे आणि झांज बंद जागेत तासभर वाजली की कानात शिट्टी राहते, आणि दरवेळी राहू लागली की ती परत जात नाही.

वाद्याबद्दल. जुन्या पद्धतीचा तासा म्हणजे मातीचं भांडं, वर बकऱ्याचं कातडं, दोरीने आवळलेलं. काड्यांना ‘चोप’ म्हणतात. फारसी ‘चोब’, म्हणजे लाकूड किंवा काठी, आपल्या पालखीपुढच्या चोपदारातला. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून मांडवाबाहेर शेकोटी पेटवतात आणि तासे शेकतात. शेकताना तासा हातात फिरवत राहायचा, सगळीकडे सारखी धग लागली पाहिजे. एकाच जागी धरला तर तिथलं कातडं करपतं आणि पुढच्या जोरकस ठोक्याला फाटतं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा उतरतो, पुन्हा शेकायचं. म्हणून पथकं जादा तासे बरोबर ठेवतात. नवशिक्याला पहिली जबाबदारी बऱ्याचदा ही शेकोटीची मिळते. ती मनापासून करा. शेकताना टिचकी मारून आवाज कुठे येतो ते ऐकायची सवय लागली की पुढे जुळवणी वेगळी शिकावी लागत नाही. हल्ली धातूचं भांडं आणि कृत्रिम पडदा असलेले नट-बोल्टचे तासेही सर्रास दिसतात. पान्याने आवळले की झालं, पावसाची भीती नाही. आवाज जरा कोरडा, काहींना मुळीच आवडत नाही, सरावाला उत्तम.

मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात, आणि सेंट जेम्स आणि सेड्रोस इथल्या होसेसाठी तासा हा जीव की प्राण. आपल्या ताबुतांसारखे ‘ताजे’ निघतात, वाजवणाऱ्यांत आणि पाहणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे सगळे असतात. सांगली-साताऱ्याकडे ताबुतांपुढे नाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र होसेचे हँड वेगळे: कूच, युद्ध, शोक, दफन. ते लग्नात वाजवायचे नसतात, आणि सरावातही उगाच मागायचे नसतात. होसेच्या आवारात मांस-मद्याचं पथ्य पाळतात, बाहेरच्याने तेही पाळावं. ऑक्टोबर १८८४ मध्ये मिरवणूक सान फर्नांडोत येऊ नये म्हणून पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, डझनाहून अधिक माणसं मेली. म्हातारे तासेवाले हा विषय काढतात तेव्हा नुसतं ऐका.

जायचं कधी? नुसतं पाहायचं तर ३० मे, आगमन दिनाच्या आसपास. शिकायचं तर लग्नसराईत, तीन महिने हाताशी ठेवून. लग्नाच्या आधी ‘माटीकोर’ असतो: बायका माती खणायला जातात, तास्याला कुंकू लागतं, आणि हा प्रसंग चुकवू नये असा. मुक्काम शागुआनास, कूव्हा, पेनाल, देबे या जुन्या उसाच्या पट्ट्यात करा. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहिलात तर निम्मा वेळ रस्त्यात. चौकशी शागुआनासच्या दिवाळी नगरपासून, म्हणजे तिथल्या दिवाळी उत्सवाच्या जागेपासून, सुरू करता येते. विद्यापीठाचा शिक्का हवा असेल तर वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सेंट ऑगस्टीन आवारात कलांचा विभाग आहे. तासा मात्र अंगणातच शिकला जातो. प्रवास अमेरिकेवरून ठरला तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तिकिटाआधी बघा.

हिंदीवर विसंबू नका. लोक इंग्रजी आणि क्रिओल बोलतात. भोजपुरी उरली ती गाण्यांत, विधींत, स्वयंपाकघरात. ‘तासा नाही हो, ताशा’, ‘खेमटा असा नसतो’ अशी दुरुस्ती करणाऱ्याला पुढच्या सरावाचं बोलावणं येत नाही. पावणेदोनशे वर्षं त्यांनी ते वाजवलंय, वाढवलंय, शब्द त्यांचा. वडीलधाऱ्यांना ‘अंकल’ म्हणा, नावाने हाक मारू नका.

जाण्याआधी कान तयार करायला चटणी संगीत, म्हणजे तिथल्या हिंदुस्थानी वंशाच्या लोकांची नाचाची गाणी, ऐका. सुंदर पोपो यांच्यापासून सुरुवात करा आणि मग द्रौपती रामगुनाई, जिच्यामुळे १९८७ मध्ये ‘चटणी सोका’ हा शब्द रूढ झाला (सोका म्हणजे कॅलिप्सोतून निघालेलं नाचाचं संगीत). सुंदर पोपो यांची गाणी मुंबईच्या बाबला-कांचन यांनी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि ती तिकडे अफाट चालली, तेव्हा उलटा प्रवासही झालेला आहे. ऐकताना ‘धनताल’ वेगळा काढा: पोलादी लांब सळई आणि नालासारखा तुकडा, तीच लय पुढे झांजेत भेटते.

परतताना वाद्य आणायचं तर नट-बोल्टवाला घ्या. मातीचा तासा विमानात टिकत नाही, आणि बकऱ्याचं कातडं हा प्राणिजन्य माल असल्याने कस्टममध्ये जाहीर करावा लागतो, कधी अडतोही. चोपचे दोन-तीन जोड मात्र आणा. इथल्या ताशाच्या काड्यांनी तो ठेका तसा उमटत नाही.